डॅन्यूबकाठचे श्पिट्झ : वडीलधाऱ्यांसह एक दिवस

प्रश्न (वरुड, जि. अमरावती)
सर्वांना नमस्कार. जुलैच्या मध्यात आईबाबांना घेऊन व्हिएन्नाला बहिणीकडे जात आहे. ऑस्ट्रियातील वाखाऊ खोऱ्यातले श्पिट्झ हे जुने बाजारगाव पाहण्याची बाबांची फार इच्छा आहे, कारण आमची संत्र्याची बाग आहे आणि तिथल्या जर्दाळूच्या बागांविषयी त्यांनी बरेच वाचले आहे. त्यांना गुडघ्यांमुळे चढ झेपत नाही. बोटीने जावे की रेल्वेने, आणि मेल्कचा मठ त्याच दिवशी पाहून होईल का?

उत्तर (पवनी, जि. भंडारा)
होईल, मात्र सुरुवात मेल्कपासून करा. बहुतेक प्रवासी क्रेम्सला बोटीत बसून प्रवाहाविरुद्ध मेल्कला जातात आणि त्यात सुमारे तीन तास मोडतात. तेच अंतर प्रवाहाबरोबर जवळपास निम्म्या वेळात कापले जाते. म्हणून सकाळी रेल्वेने मेल्क गाठा, टॅक्सीने मठापर्यंत जा (आजची इमारत 1702 ते 1736 या काळातली, वास्तुकार याकोब प्रांडटाउअर), आणि दुपारच्या बोटीने श्पिट्झला उतरा. संध्याकाळी बसने क्रेम्स आणि तिथून रेल्वेने व्हिएन्ना.

श्पिट्झला नदी ओलांडणारी ‘तर’ (माणसे-वाहने पलीकडे नेणारी नाव) अवश्य पाहा. तिला इंजिन नाही. दोन्ही काठांवर ताणलेल्या तारेला ती बांधलेली असते. नावाडी तिला प्रवाहाशी तिरपी करतो आणि पाण्याचा रेटाच तिला, वर उभ्या असलेल्या मोटारींसकट, पलीकडे नेतो. वैनगंगेवर डोंग्यातून वावरलेल्या माझ्यासारख्याला ते पाहताना काठावरून हलवेना. पलीकडच्या आर्न्सडॉर्फहून अख्खे श्पिट्झ एका नजरेत दिसते.

उत्तर (काटोल, जि. नागपूर)
बाबांना टेकडी चढायची गरज नाही. गावालगतची ‘हजार बादल्यांची टेकडी’ (चांगल्या वर्षी तेवढी वाइन देते, अशी ख्याती) खालूनच नीट दिसते. तिच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या मळ्यांना चुन्या-सिमेंटशिवाय रचलेल्या दगडी भिंतींनी धरून ठेवले आहे. आपल्याकडे धुरा खचला की पावसाळ्यात मातीच वाहून जाते, तेव्हा त्या भिंतींची देखभाल किती मोलाची, हे बाबांना सांगावे लागणार नाही.

जुलैमध्ये जर्दाळूचा तोडा चालू असतो. वाखाऊच्या जर्दाळूला 1996 पासून युरोपीय संघाचे नामसंरक्षण आहे, जसे नागपुरी संत्र्याला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. अख्खा जर्दाळू पिठाच्या पारीत भरून उकडतात आणि लोण्यात परतलेल्या पावाच्या चुऱ्यात घोळवतात. तो पदार्थ आवर्जून खा. पारीत अंडे असू शकते, चालत नसल्यास आधी विचारा.

उत्तर (पवनी, जि. भंडारा)
एक राहिले. नदीला पूर असला की ती ‘तर’ बंद ठेवतात, त्यामुळे निघण्याच्या आदल्या दिवशी तिची आणि बोटीची वेळ बहिणीला तपासायला सांगा.