पोर्टेबल आरागिरणी: फणस कापताना बेल्ट घसरतो, ताण नेमका किती ठेवू?

कणकवलीचा वखारवाला
नमस्कार मंडळी. आमची परवान्याची वखार आहे. मोठा ओंडका वखारीत ओढून आणण्यापेक्षा आवारात जागेवरच कापता यावा म्हणून आडवा पोर्टेबल बँडसॉ, म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या पात्याचा आरा, घेतला. १३ एचपीचं पेट्रोल इंजिन, त्यावर सेंट्रिफ्यूगल क्लच (इंजिनाचा वेग वाढला की आपोआप पकडणारा), तिथून बी सेक्शनचा, म्हणजे बी मापाचा, एकच व्ही बेल्ट पात्याच्या चाकावर जातो. आंबा छान कापतो. फणसाचा रुंद ओंडका घेतला की अर्ध्यावर बेल्ट चिरकतो, रबर जळल्याचा वास येतो आणि फळी मध्ये जाड, कडेला पातळ निघते. बेल्ट बराच ताणला. आवाज थोडा कमी झाला, पण आता चाकाच्या बेअरिंगवर हात ठेववत नाही. जो तो म्हणतो, अंगठ्याने दाबून बघ. कुठे दाबायचं, किती दाबायचं आणि बेल्ट किती खाली गेला पाहिजे?

सावंतवाडी, फर्निचर
बेल्टवर ड्रेसिंगचा, म्हणजे पकड वाढवायचा चिकट, स्प्रे मारा. आमच्या रंधा मशिनला मारतो, आवाज लगेच बंद होतो.

निवृत्त फिटर, चिपळूण
स्प्रे मारू नका हो. व्ही बेल्ट पुलीच्या (बेल्टच्या चाकाच्या) खाचेच्या दोन तिरप्या भिंतींमध्ये पाचरीसारखा बसतो, त्या पकडीवरच तो ओढतो. चिकट स्प्रेवर भुसा बसतो, फणसाचा चीक त्यात मिसळतो आणि खाचेत थर धरतो. आवाज बंद होईल, पण घसरण्याचं कारण आहे तिथेच राहील.

वखारवाले भाऊ, पाना हातात घेण्याआधी इंजिनाचा आवाज ऐका. पातं अडखळलं आणि त्याबरोबर इंजिनही दबलं, तर बेल्ट ताकद पोचवतोय; तेव्हा पात्याची धार, दातांचं सेटिंग (दात आलटून पालटून बाहेर वाकवलेले असतात ते) आणि आरा पुढे सारण्याचा वेग बघा. इंजिन मात्र जोरात फिरतंय आणि पातं मंदावतंय, तर मधेच काहीतरी घसरतंय: बेल्ट तरी, नाहीतर क्लच. अर्ध्या थ्रॉटलवर कापलं तर क्लच घसरणारच, कापताना थ्रॉटल पूर्ण हवा. क्लचचा ड्रम, म्हणजे त्याचं बाहेरचं गोल भांडं, निळसर पडला असेल तर तो तापून घसरतोय असं समजा.

आता तुमचा प्रश्न. आधी प्लगची टोपी काढून बाजूला ठेवा, पात्याचा ताण सोडा, हातमोजे घाला. बेल्ट एका पुलीवरून सुटतो आणि दुसरीला टेकतो, तेवढं मोकळं अंतर मोजा. त्याच्या मध्यावर दाबायचं. दर १०० मिलिमीटर अंतराला साधारण १.६ मिलिमीटर बेल्ट खाली जायला हवा. म्हणजे मोकळं अंतर ४५० असेल तर ७ मिलिमीटरच्या आसपास. बेल्टवर सरळ पट्टी आडवी ठेवली की हे डोळ्यांना दिसतं. दाबायचा जोर पुलीच्या व्यासावर ठरतो, तो बेल्टच्या कंपनीच्या तक्त्यात मिळेल. सामान तोलायचा स्प्रिंगचा काटा लावून मोजा. प्रत्येकाच्या अंगठ्याचा जोर वेगळा, म्हणून मला तो अंदाज मुळीच आवडत नाही.

पूर्ण लोडवर बेल्ट घसरणार नाही, एवढाच कमीत कमी ताण ठेवायचा. त्याहून जास्त दिलेला सगळा भार बेअरिंगवर पडतो. तुमच्याकडे बेल्ट ताणूनही घसरतो आणि बेअरिंगही तापतं. मला खाचेचा संशय येतो. बेल्ट काढून क्लचच्या पुलीची खाच बॅटरीने बघा. तळ चकचकीत दिसतोय का, भिंती आत खोलगट झाल्यात का, ते सांगा.

राजापूर, शेतीची अवजारं
यात एक घोळ नेहमी होतो. बऱ्याच मशिनांत दुसऱ्या चाकावरही व्ही बेल्ट असतो, पण तो पात्याखाली टायरसारखा बसवलेला असतो. तो इंजिनाला जोडलेला नाही, त्याचा ताण काढत बसू नका. तो झिजून पातं लोखंडाला लागत असेल तर सरळ बदला. आणि पात्यावर सोडायचं पाणी थेंबाथेंबानेच सोडा, धार सोडली की चाकावरून उडून ड्राइव्हच्या बेल्टवर येतं.

कणकवलीचा वखारवाला
काका, खाचेचा तळ आरशासारखा चकचकतोय! बेल्टची खालची बाजूही गुळगुळीत झालीय. बेल्ट पुलीच्या कडेपेक्षा बराच आत बसलाय. क्लचच्या ड्रमचा रंग ठीक आहे. मोकळं अंतर ४५० च्या जवळपास भरलं.

निवृत्त फिटर, चिपळूण
मग झालं तर. बेल्ट तळाला टेकला की पाचर बसत नाही, नुसता वरून घासतो. कितीही ताणा, पकड यायची नाही. पुली बदला. क्लचचा ड्रम आणि पुली एकाच तुकड्यात असेल तर अख्खा ड्रम घ्यावा लागेल. तो खर्च जिवावर येईल, पण जुन्या खाचेत नवा बेल्ट घालून पैसे वाया घालवू नका. चाकाची खाचही एकदा तपासा.

बसवताना इंजिनाचे चारही बोल्ट ढिले करा, इंजिन पुढे सरकवा आणि बेल्ट हाताने चढवा. स्क्रू ड्रायव्हरने उचकटून चढवला तर आतले दोर तुटतात आणि बाहेरून काहीच दिसत नाही. मग ताणाचा बोल्ट अर्धा-अर्धा फेरा देत आवळा, मधूनमधून चाक हाताने फिरवा म्हणजे बेल्ट सगळीकडे सारखा बसेल. दोन्ही पुल्यांच्या बाहेरच्या कडांना सुतळी ताणून लावा, ती चारही ठिकाणी टेकली पाहिजे. कडांची जाडी वेगवेगळी असेल तर खाचेच्या मध्यापासून मोजा. बोल्ट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि आवळून झाल्यावर सुतळी व ताण परत बघा, कारण आवळताना इंजिन हमखास थोडं तिरकं होतं.

नवा बेल्ट सुरुवातीच्या काही तासांत खाचेत बसून सैलावतो. पहिल्या दिवशी काम संपल्यावर, बेल्ट गार झाला की ताण मोजा, आणि एक-दोन दिवस चालवून पुन्हा मोजा. चीक बसला तर कोमट साबणपाण्याच्या फडक्याने पुसून वाळवा, बेल्टला डिझेल-पेट्रोल लावू नका. आणि ते तापलेलं बेअरिंग आत्ता बेल्ट काढलेला असतानाच हाताने फिरवून बघा. खरखर लागली किंवा चाक हललं तर तेही याच वेळी बदला.