गच्चीची किल्ली

१०१ काका: (फॉरवर्ड) 'आजकालची मुलं ऐषारामी आणि उद्धट झाली आहेत, वडीलधाऱ्यांचा मान ठेवत नाहीत.' इति सॉक्रेटिस. सर्वांनी वाचावे. विशेषतः काल रात्री अकरानंतर जे गच्चीवर होते त्यांनी.

४०२: काका, आम्हीच होतो. चौघं जण. आवाज केला नाही. आणि किल्ली तुमच्याकडूनच घेतली होती की.

१०१ काका: घेतली नाही. 'किल्ली पाठवा' असा मेसेज केलात. मी शिपाई नाही.

४०२: 'पाठवा' आदरार्थीच आहे ना?

२०३ काकू: व्याकरणाचं नका सांगू बाळा, सूर कळतो.

४०२: बरं, मग सरळच विचारतो. मेंटेनन्स आम्हीही भरतो. किल्ली एकाच घरात का?

१०१ काका: आला हक्क! टाकी भरून वाहत होती तेव्हा रात्री दोनला वर कोण गेलं? तेव्हा नाही कोणी हक्क मागायला आलं. सगळं आयतं मिळालं की असंच होतं.

४०२: हा मेसेज डिलीट केला गेला आहे

२०३ काकू: मी वाचला. बूमर म्हणजे काय?

सेक्रेटरी: कृपया ग्रुपवर फक्त कामाचे मेसेज.

३०४: सेक्रेटरी, हेही कामाचंच आहे, थोडं लांबलं तर माफ करा. मी ना इकडची ना तिकडची. काकूंना मी पोरगी वाटते आणि ४०२ मला लिफ्टमध्ये आंटी म्हणतो (ऐकू येतं हं मला).

काकू, दुसरं महायुद्ध संपल्यावर अमेरिकेत जन्मदर एकदम वाढला. तिथे १९४६ ते १९६४ मध्ये जन्मलेले ते बूमर. आता साठीच्या पुढे दिसेल त्याला हेच लेबल चिकटवतात. अशी लेबलं सरसकट वापरणं प्यू रिसर्च सेंटर या पाहण्या करणाऱ्या संस्थेनेही २०२३ मध्ये आवरतं घेतलं. वयाचा परिणाम कुठला आणि पिढीचा कुठला, हे सहज वेगळं करता येत नाही. पंचविशीत रात्री अकराला गच्चीवर बसावंसं वाटतं, ते पंचविशी आहे म्हणून. त्यासाठी नवी पिढी लागत नाही.

आणि काका, ते वाक्य सॉक्रेटिसचं नाही. त्याने स्वतः काहीच लिहून ठेवलं नाही. केनेथ जॉन फ्रीमन नावाच्या केंब्रिजच्या विद्यार्थ्याने आपल्या प्रबंधात प्राचीन ग्रीक लोकांची तरुणांबद्दलची कुरकुर स्वतःच्या शब्दांत एकत्र मांडली होती. तो प्रबंध छापून आला १९०७ मध्ये. पुढे ते शब्द सॉक्रेटिसच्या नावावर फिरायला लागले. ॲरिस्टॉटलने मात्र खरंच लिहिलंय, आणि दोन्ही बाजूंना सारखंच झोडपलंय. तरुणांना वाटतं आपल्याला सगळं कळतं आणि ते सगळंच अति करतात. म्हातारे पुष्कळदा फसलेले असतात, म्हणून प्रत्येक वाक्याला 'कदाचित' जोडतात आणि आशेपेक्षा आठवणींवर जगतात.

२०१९ मध्ये प्रॉट्झको आणि स्कूलर या दोन संशोधकांचा अभ्यास आला होता, ३,४५८ अमेरिकन प्रौढांवरचा. ज्यांचं वाचन दांडगं, त्यांनाच जास्त वाटत होतं की हल्लीच्या मुलांना वाचायला आवडत नाही. जे अधिकार, शिस्त फार मानणारे, त्यांना वाटत होतं मुलं मोठ्यांना मान देत नाहीत. म्हणजे आपण ज्यात पक्के, तिथेच दुसऱ्याची उणीव दिसते. वर आज आपण जसे आहोत, तशीच तेव्हाची सगळी मुलं होती असं आठवतं. काका, या बिल्डिंगचा व्हॉल्व्ह न् व्हॉल्व्ह तुम्हाला पाठ आहे. म्हणून तुम्हाला आधी हेच दिसतं, की बाकी कोणाला काही माहीत नाही.

४०२, खूश होऊ नकोस. लिफ्ट बंद होती त्या दिवशी 'किती वाजेपर्यंत होईल?' हे तू तीनदा विचारलंस. कोणाला? सेक्रेटरींना, जे ऑफिसातून रजा काढून मेकॅनिकबरोबर उभे होते. मीटिंग ऑनलाइन घ्या म्हणून तूच मागे लागलास. घेतली. पाच जण आले. त्यात तू नव्हतास.

४०२: लिफ्टचं मान्य. मीटिंगचंही. सॉरी सेक्रेटरी.

सेक्रेटरी: रजा अर्धीच होती. असो.

१०१ काका: ३०४, लांब लिहिलंस, पण वाचलं. एकच सांगतो. पहिल्या अध्यक्षांनी मलाही किल्ली दिली नव्हती. पण मी तीन जिने चढून त्यांच्या दारात जाऊन मागितली होती. हा चौथ्या मजल्यावरून लिफ्टने खाली येऊन बेल वाजवू शकत नाही?

४०२: काका, बेल मुद्दामच नाही वाजवली. तुम्ही झोपला असाल, काकूंचा गुडघा दुखतो, दार उघडायला कोणाला तरी उठावं लागेल. आमच्यात न सांगता कोणाची बेल वाजवणं उद्धटपणा समजतात. आधी मेसेज करायचा, हीच रीत.

१०१ काका: आमच्याकडे मेसेज करून काम सांगणं उद्धटपणा.

२०३ काकू: अगंबाई. म्हणजे दोघंही मान देत होते.

३०४: काकू, हे दोन ओळींत तुम्हीच सांगायचं होतं, मी उगाच ॲरिस्टॉटलपर्यंत गेले.

सेक्रेटरी: प्रस्ताव असा. दुसरी किल्ली करून जिन्याखालच्या मीटरच्या पेटीत ठेवू. शेजारी वही. नेताना आणि ठेवताना वेळ टाकून सही. रात्री साडेदहानंतर गच्ची बंद.

४०२: गूगल फॉर्म केला तर?

१०१ काका: वही.

४०२: वही चालेल. साडेअकरा?

१०१ काका: अकरा. आणि किल्ली ज्याच्याकडे, टाकीही त्याचीच. भरून वाहायला लागली तर कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा ते माहीत हवं. रविवारी वर ये, दाखवतो. टॉर्च आण.

४०२: हो काका, येतो. किती वाजता?

१०१ काका: सात.

४०२: सकाळी??