मदत हवी आहे: ॲक्टिव्हा आणि वॅगनआरच्या घरच्या कामांसाठी रॅचेट (एकाच दिशेने पकड घेणारी दांडी), गोट्या (सॉकेट), पाने कोणते घ्यावेत? (ठाणे)

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. घरी ॲक्टिव्हा ११० आणि जुनी वॅगनआर आहे. ऑइल बदलणं, प्लग, एअर फिल्टर, बॅटरी, स्कूटरचं बेल्टचं झाकण उघडून साफसफाई आणि गाडीची चाकं काढून ब्रेक पाहणं, एवढी कामं कळव्याला सोसायटीच्या पार्किंगमध्ये करायची आहेत. सध्या हाताशी एक पक्कड, दोन स्क्रू ड्रायव्हर आणि गाडीबरोबर आलेला चाकाचा पाना एवढंच आहे.

बजेट ५,००० रुपये. ऑनलाइन ४६ आणि १०८ नगांचे सेट दिसतात, त्यातला एखादा घेऊन मोकळं व्हावं का? की सुटं सुटं घ्यावं? रॅचेट पाव इंची, ३/८ की अर्धा इंची (म्हणजे गोटी बसते त्या चौकोनी खुंटीचं माप)? ७२ दात, ९० दात असं लिहिलेलं असतं, त्याने खरंच फरक पडतो का? आणि ठाण्याच्या आसपास हातात घेऊन पाहता येईल असं कुठे मिळेल?

आटेपाडी

नगांचा आकडा बघून सेट घेऊ नका. ४६ नगांचा जो पाव इंची सेट सगळीकडे दिसतो, त्यात ४ ते १४ मिमीच्या तेरा गोट्या असतात आणि बाकी बहुतेक बिट (स्क्रू ड्रायव्हरची सुटी टोकं). तेरापैकी तुमच्या कामाच्या चार: ८, १०, १२, १४. चाकाचा १९ मिमीचा नट त्यात नाही, १७ नाही, प्लगची १६ मिमीची गोटी नाही.

आधी माप समजून घ्या, म्हणजे यादी आपोआप तयार होते. जपानी पद्धतीच्या गाड्यांत (होंडा, सुझुकी, म्हणजे तुमच्या दोन्ही) ६ मिमी बोल्टाचं डोकं ८ किंवा १० मिमीचं असतं, ८ मिमी बोल्टाचं १२ आणि १० मिमी बोल्टाचं १४. जर्मन मापात हेच आकडे १०, १३ आणि १७ होतात. म्हणून बजाज, केटीएमवर १३ चा पाना सारखा लागतो आणि ॲक्टिव्हावर क्वचित. तुम्हाला ८, १०, १२, १४, १७, १९ पुरतील. बॅटरीच्या वायरी आणि बाहेरून बसवलेल्या ॲक्सेसरीजसाठी १३ जवळ असलेला बरा.

आता रॅचेट. तुमच्या कामांना ३/८ इंच सर्वांत सोयीचं. अर्धा इंची रॅचेटची दांडी साधारण २५ सेंमी असते. ॲक्टिव्हाच्या बेल्टच्या झाकणाचे बोल्ट ६ मिमीचे, ते ॲल्युमिनियममध्ये जातात आणि त्यांना १० ते १२ न्यूटन मीटर (आवळण्याच्या जोराचं माप) पुरे. २५ सेंमी दांडीच्या टोकाला हा जोर म्हणजे जेमतेम ५ किलोचा ओढा. एवढा कमी जोर मोठ्या दांडीवर हाताला कळतच नाही, माणूस सहज दुप्पट ओढतो आणि आटे ॲल्युमिनियमसकट बाहेर येतात. घरच्या कामात सर्वांत जास्त नुकसान इथेच होतं, नट न सुटल्याने नाही.

ट्रान्सहार्बर

आटेपाडींच्या मापांशी सहमत, पण ३/८ बद्दल थोडं वेगळं मत. आपल्याकडे हार्डवेअरच्या दुकानात अर्धा इंची गोटी कुठल्याही मापात सुटी मिळते. ३/८ ची सुटी गोटी मिळेलच असं नाही. १० ची हरवली (आणि १० चीच हरवते) की पुन्हा ऑनलाइन शोधत बसायचं. नवख्या माणसाने अर्धा इंची घ्यावं, दांडी मध्यावर धरून बारीक बोल्ट आवळावेत. शिवाय चाकाच्या नटाला अर्धा इंची लागणारच आहे.

आटेपाडी

चाकाला अर्धा इंची लागेल, पण रॅचेट नको. जुन्या वॅगनआरच्या नटाला ८५ न्यूटन मीटरच्या आसपास जोर असतो (तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम धरा). गंजलेला किंवा टायरवाल्याने इम्पॅक्ट गनने (ठोके देत नट आवळणाऱ्या मशीनने) आवळलेला नट सोडवायला त्याहून कितीतरी जास्त जोर लागतो. ८५ साठीच २५ सेंमी दांडीवर ३५ किलोचा ओढा येतो, तोच ४५ सेंमी दांडीवर १९ किलो. रॅचेटच्या आतली खिटी दोन-चार दातांवरच पकड घेते. तिच्यावर पाइप चढवून उडी मारली की दात तुटतात किंवा खिटी घसरते आणि हाताची बोटं फेंडरवर आपटतात. अडकलेला नट सोडवायला लांब एल हँडल किंवा ब्रेकर बार (दोन्ही आत दात नसलेल्या साध्या दांड्या), आणि सैल झाल्यावर भराभर काढायला रॅचेट, ही कामं वेगळी ठेवा. म्हणजे अर्धा इंचीत एक लांब हँडल आणि १९ ची एक षटकोनी गोटी, बाकी सगळं ३/८ मध्ये. सुट्या गोटीचा मुद्दा मात्र बरोबर आहे. त्यावर उपाय एकच, ३/८ मध्ये १० च्या दोन गोट्या सुरुवातीलाच घ्या.

गॅरेजताई

दातांचं विचारलंत म्हणून. २४ दातांच्या रॅचेटला पुढचा दात पकडायला १५ अंश फिरवावं लागतं, ७२ ला ५ अंश, ९० ला ४. २० सेंमी दांडीच्या टोकाला १५ अंश म्हणजे सव्वापाच सेंमी, ५ अंश म्हणजे पावणेदोन. स्कूटरमध्ये फ्रेम आणि इंजिनच्या मधल्या फटीत हा फरक काम होणं आणि न होणं यातला आहे. ७२ आणि ९० मधला फरक मात्र हाताला जाणवत नाही, त्यासाठी जादा पैसे देऊ नका. स्वस्त मालात बारीक दात म्हणजे पातळ दात, ते लवकर झिजतात. ७२ वर थांबा.

दातांपेक्षा महत्त्वाची गोष्ट पाकिटावर लिहिलेली नसते. रॅचेट उलट फिरवताना आत किती अडतं ते पाहा. दुकानात एक बोल्ट नटामध्ये फक्त बोटांनी फिरवा, गोटी लावा आणि दांडी मागे न्या. बोल्टही मागे फिरला तर ते रॅचेट घेऊ नका, कारण सैल बोल्टावर ते पुढे जाणारच नाही, प्रत्येक वेळी बोटांनी गोटी धरावी लागेल.

खाडीकाठ

खूप मदत झाली. गोट्या षटकोनी की बाराकोनी? दुकानदार ‘बाय-हेक्स घ्या, कुठेही बसते’ म्हणतात. आणि चांगली गोटी ओळखायची कशी? क्रोम व्हॅनेडियम (पोलादाचा प्रकार) तर सगळ्यांवरच कोरलेलं असतं.

आटेपाडी

षटकोनी. बाय-हेक्सचा, म्हणजे बाराकोनीचा, फायदा एवढाच की ती दर ३० अंशांनी बोल्टावर बसते. रिंग पान्यात तो उपयोगी आहे. रॅचेटवर गोटी एकदा बसली की काढावी लागत नाही, मग तो फायदा राहतच नाही. तोटा मात्र राहतो: बाराकोनी गोटी डोक्याच्या कोपऱ्याजवळ जोर देते, षटकोनी कोपऱ्यापासून आत, सपाट बाजूवर. जुनाट, रंग चढलेला, गंजका बोल्ट असेल तर बाराकोनीने कोपरे गोल होतात आणि मग ते डोकं कशालाच दाद देत नाही.

क्रोम व्हॅनेडियमचा शिक्का कोणीही मारू शकतो, त्यावर विसंबू नका. खिशात एक नवा ६ मिमीचा बोल्ट (१० चं डोकं) आणि एक ८ मिमीचा (१२ चं डोकं) घेऊन दुकानात जा. गोटी डोक्यावर बसवून डावी-उजवीकडे हलवा. थोडी हालचाल असणारच, पण खुळखुळ नको. मग गोटीच्या तोंडात पाहा. स्वस्त गोट्यांना तोंडाशी आतून मोठा उतार दिलेला असतो, म्हणजे पहिले दीड-दोन मिमी पकडच नाही. होंडाच्या फ्लँज बोल्टांचं (डोक्याखाली वॉशरसारखी चकती असलेल्या) डोकं बुटकं असतं, त्याला एवढी पकड गेली की गोटी वर उचलली जाऊन घसरते. उतार जितका कमी, तितकी गोटी चांगली. चकचकीतपणाचा दर्जाशी संबंध नाही, पण मुलामा कुठे सुटलेला किंवा फुगलेला असेल तर घेऊ नका. त्याची खपली ब्लेडसारखी बोट कापते.

क्रोमच्या गोट्या बॅटरीच्या इम्पॅक्ट गनवर कधीही लावायच्या नाहीत, त्या तडकतात. गनसाठी काळ्या, जाड भिंतीच्या गोट्या वेगळ्या मिळतात.

ट्रान्सहार्बर

पैशांची वाटणी अशी करा: साधारण निम्मे ३/८ चं रॅचेट, गोट्या, ७५ आणि १५० मिमीची एक्स्टेन्शन (गोटी लांबवर पोचवणाऱ्या दांड्या) आणि १६ मिमीची रबर असलेली प्लगची गोटी यांवर. प्लगची गोटी घेण्याआधी दोन्ही गाड्यांचा प्लग नंबर पाहून षटकोनाचं माप पक्कं करा. एक चतुर्थांश कॉम्बिनेशन पान्यांवर (एका टोकाला रिंग, दुसऱ्याला उघडं तोंड), इथे नाशिकच्या टपारियाचे पाने डोळे मिटून घ्यावेत असे आहेत, किंमत आणि टिकाऊपणा दोन्हींत. तो ब्रँड खूप खपतो म्हणून नकलाही फिरतात, तेव्हा जीएसटीचं पक्कं बिल देणाऱ्याकडूनच घ्या. उरलेल्यात एल हँडल, १९ ची गोटी आणि ॲलन की (षटकोनी खाचेच्या बोल्टांसाठी). रिंग बाजूने सोडवायचं, उघड्या तोंडाने फक्त फिरवायचं. उघडं तोंड दोनच बाजू धरतं आणि जोर आला की फाकतं.

चाकं काढणार आहात तर दोन घोड्या (जॅक स्टँड) हव्यातच. नुसत्या जॅकवरच्या गाडीजवळ हात घालायचा नाही. त्यासाठी ५,००० च्या वर खर्च झाला तरी चालेल, त्यापायी ॲलन की पुढच्या महिन्यात घ्या.

दुकानांचं: वागळे इस्टेटमध्ये कारखान्यांना माल पुरवणारी दुकानं आहेत, तिथे सुटी गोटी हातात घेऊ देतात. ठाण्याहून वाशी लाइनने रबाळ्याला उतरलात तर एमआयडीसीतही तसंच. सगळे ब्रँड शेजारी ठेवून पाहायचे असतील तर धीम्या लोकलने मशीदला उतरून नागदेवी स्ट्रीट गाठा. रविवारी जाऊ नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

गॅरेजताई

एक गोष्ट राहिली, स्क्रू. ॲक्टिव्हाचे अधिकच्या (+) खाचेचे स्क्रू साध्या फिलिप्ससारखे दिसतात, पण जपानी मापाचे असतात. काहींच्या डोक्यावर एक बारीक टिंब असतं. साधा फिलिप्स त्यांच्या तळापर्यंत जात नाही, जोर लावला की वर चढतो आणि खाच खाऊन टाकतो. जेआयएस (या जपानी मापाचे) बिट ऑनलाइन सहज मिळतात, २ नंबरचा एक पुरे. घट्ट स्क्रूवर आधी हातोडीने दोन हलके ठोके, मग फिरवण्यापेक्षा दाबण्यावर जास्त जोर.

खाडीकाठ

टॉर्क पाना (ठरावीक जोराला आवळणारा) आत्ताच घ्यावा का? आणि कळव्याच्या पावसाळी दमट हवेत हे सगळं गंजणार नाही ना?

आटेपाडी

टॉर्क पाना दुसऱ्या टप्प्यात घ्या, पण घ्या. त्याचा वरच्या बाजूचा पट्टाच भरवशाचा असतो. २० ते १०० च्या पान्यावर १० न्यूटन मीटर मोजता येत नाही, म्हणून ॲल्युमिनियमसाठी ५ ते २५ चा ३/८ किंवा पाव इंची आधी. नट सोडवायला तो वापरायचा नाही आणि काम झालं की पट्ट्यातल्या सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, त्याखाली नाही.

तोवर प्लगसाठी अंशांचा हिशेब पुरतो. नवा वॉशरवाला प्लग बोटांनी पूर्ण बसवा, नंतर अर्धा फेरा. तोच प्लग पुन्हा बसवत असाल तर फेऱ्याचा बारावा भाग. इंजिन थंड असतानाच.

गंजाचं: काम झाल्यावर हाताचा घाम पुसून मशीन ऑइलने ओलसर केलेल्या फडक्याने पाने पुसा. पत्र्याच्या पेटीपेक्षा घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा बरा, आत सिलिका जेलच्या पुड्या. स्कूटरच्या डिकीत कायमचं काही ठेवू नका, तिथे पावसाचं पाणी झिरपतं. रॅचेटच्या डोक्यात वर्षातून एकदा पातळ तेलाचे दोन थेंब. घट्ट ग्रीस भरलं की खिटी चिकटते आणि दात सोडते.