अनुभव हवेत : आजोबांचा कोट, आजीचं लुगडं आणि आपण (इंदूर)

मी रामबागेत वाढले, आता पस्तिशीत आहे. आजोबा गेल्यावर आईने त्यांचे कपडे भांडीवालीला द्यायला काढले, त्यातला राखाडी वुलनचा कोट मी उचलला. शिंपीकाका म्हणाले, "बेटा, शोल्डर छेड़ा तो पूरा कोट खोलना पड़ेगा." खांदे तसेच ठेवले, बाह्या तेवढ्या दोन बोटं वर घेतल्या. कमरेत टक्स घालू का, बटणं डावीकडे घेऊ का, हे त्यांनी दोनदा विचारलं. बायकांच्या शर्ट-कोटाला बटणं डावीकडे असतात, पुरुषांच्या उजवीकडे. मी नको म्हटलं. कमरेत आवळला की तो लेडीज कोट होतो. मला तो सरळ पडायला हवा होता. घालून आरशासमोर उभी राहिले आणि वाटलं, हो, ही मी.

तुम्ही काय घातलं, कुठे शिवलं, घरचे काय म्हणाले? लिहा.

राजेंद्रनगरहून :
मी मुलगा. आजीच्या महेश्वरीचा पदर विरला होता, उरलेल्या कापडाचं उपरणं केलं. महेश्वरीचे काठ दोन्ही बाजूंनी सारखेच दिसतात, त्यामुळे कसंही पडलं तरी शोभतं. भावाच्या मुंजीत घेतलं. आत्या जवळ आली, "साडीच ना रे ही?" म्हणाली आणि काठावरून हात फिरवत राहिली. "आईची जांभळी," एवढंच बोलली.

बाईचे-पुरुषाचे कपडे असे मिसळण्याचं फॅड बाहेरून आलं म्हणणाऱ्यांना मी इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर दुसरे यांची चित्रं दाखवतो. फ्रेंच चित्रकार बर्नार बुते द मोंवेलने 1929 मध्ये त्यांना विलायती इव्हनिंग सुटात रंगवलं, आणि काही वर्षांनी मराठा पोशाखात : डोक्यावर पगडी, गळ्यात हिरे. दोन्हींत तेवढेच नाजूक, तेवढेच राजे. दागिना बाईचाच, हे आपण कधी ठरवलं?

सुदामानगर :
मी मुलगी, उजव्या कानात भिकबाळी घालते. पणजोबांची आहे. काढणार नाही.

नाव नको :
शाळेत शिकवते. बंडी, पूर्ण बाह्यांचा शर्ट, सैल पँट असा माझा वेश. आधीच्या शाळेत बोलावून सांगितलं, "बाईसारखं या." वर्षभर साडी नेसले. साडी मला आवडते, पण त्या वर्षी ती माझी नव्हती. नोकरी बदलली. आता सहावीच्या मुली विचारतात, मॅडम, बंडी कुठून शिवली?

लोकमान्यनगर, वय 68 :
माझी आई नऊवारी नेसायची, वडील धोतर. काष्टा म्हणा की काचा, मागे खोचायची रीत एकच. लहानपणी दोघांच्या पाठी मला सारख्याच दिसत.

कोटवालीला एक सांगते. डांबरगोळी वुलनवर थेट ठेवू नकोस, पुडीत बांध. आणि उपरण्याची घडी दर दोन महिन्यांनी बदलत जा रे, रेशीम घडीवरच चिरतं.