रंगपेटी नसली तरी चालेल

रंग-कागदाचा खर्च परवडत नाही, मग मुलांना चित्रकला शिकवायची कशी, हा प्रश्न खूप शिक्षकांना पडतो. मला वाटतं, आधी त्यांना वर्गाबाहेर न्या. डहाणू-तलासरीकडे वारली चित्रं पिढ्यान्‌पिढ्या गेरूनं सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाचं पीठ कालवून, ठेचलेल्या टोकाच्या बांबूच्या काडीनं काढली गेली. याच कलेसाठी जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली!

फाल्गुनात मी मुलांना पळसाखाली नेते. फुलं उकळली की पिवळा-केशरी रंग सुटतो. आणि हळदीत चुना पडताच ती लाल होते तेव्हा मुलांचे चेहरे बघावेत. मग तोच रंग पुन्हा पुन्हा करून दाखवायला लावतात. फुलं मात्र खाली पडलेलीच वेचायची, आणि चुना मोठ्यांनीच हाताळायचा.