मदत हवी आहे: मालवणात पणजीचं १०५.४ एफएम नीट लागण्यासाठी कोणती अँटेना लावावी?

नमस्कार मंडळी,

आमचं घर मालवणजवळ, समुद्राच्या अगदी लगत. आई माहेरची पेडण्याची. आमच्याकडे स्वच्छ लागणाऱ्या एका केंद्रावर संध्याकाळी मालवणी-कोंकणी गाण्यांच्या फर्माइशी असायच्या, निवेदिका वाडीचं नाव घेऊन पत्र वाचायची. आई त्या वेळेला दुसरं काम काढायची नाही. गेल्या वर्षी कार्यक्रम बदलले आणि आता त्या वेळेत दुसऱ्या शहरातून सहक्षेपित होणारी नवी हिंदी गाणी लागतात. पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही. इथल्या म्हाताऱ्या माणसांचं केवढं नुकसान झालंय हे तिथे बसलेल्यांना कळत नसावं, याचं फार वाईट वाटतं.

म्हणून पणजीचं एफएम रेनबो, १०५.४, घरात आणायचा प्रयत्न चाललाय. पणजी आकाशवाणीचं मीडियम वेव्ह १२८७ लागतं, पण शेजारचा इन्व्हर्टर आणि एलईडी दिवे सुरू झाले की नुसती घरघर. मोबाइलवर ऐकवा असं कृपया सुचवू नका. घरात रेंज नाही आणि आईला बटणाचा रेडिओच हवा.

अडचण अशी. पणजी इथून सरळ रेषेत साधारण ७० किमी, दक्षिण-आग्नेयेला. तिकडचा मनोरा १०० मीटर आणि आमची अँटेना १० मीटर उंच धरली, तर एफएमची पोच ५४ किमीच्या आसपास येते. म्हणजे आम्ही कडेच्या बाहेर. एरवी आवाज येतो तो खरखरीतून, रेडिओ खिडकीच्या गजाला टेकवला तर जरा बरा.

पण मार्च ते मे मधल्या रात्री चित्रच पालटतं. समुद्रावरच्या दमट हवेवर जमिनीकडची कोरडी, गरम हवा पसरते आणि त्या दोन थरांत लहरी कोंडल्यासारख्या होऊन शेकडो किलोमीटर जातात. दुसऱ्या महायुद्धात मुंबईच्या रडारवर उन्हाळ्यात थेट अरबस्तानच्या किनाऱ्याचे प्रतिध्वनी दिसले होते, ते याच कारणाने. अशा रात्री पणजी खणखणीत लागतं खरं, पण मध्येच १०५.४ वरच अरबी निवेदन सुरू होतं आणि पणजी पार गायब. एफएम रेडिओ दोनांतलं जोरकस केंद्र धरतो आणि दुसऱ्याला दाबून टाकतो, त्यामुळे दोन्ही एकत्र ऐकू येत नाहीत, एकदम अदलाबदल होते. आई बिचारी रेडिओ बिघडला म्हणून तो आपटते.

माझा विचार असा की अरबी केंद्रं वायव्येकडून येतात आणि पणजी जवळपास त्याच्या उलट दिशेला आहे. तेव्हा पुढून जास्त आणि मागून कमी पकडणारी यागी (एका दांड्यावर ओळीने काड्या बसवलेली अँटेना) पणजीकडे तोंड करून लावली, तर दोन्ही दुखणी एकदम जातील. हे बरोबर आहे का? तीन काड्यांची पुरेल की पाच लागतील?

माळ्यावर दूरदर्शनच्या वेळची अँटेना पडून आहे. पण तिच्या काड्या पाऊण मीटरच्या, आणि १०५.४ ला अर्धी लहर जवळजवळ १.४ मीटर भरते. नुसत्या काड्या बदलून भागेल, की त्यांच्यामधलं अंतरही नव्याने काढावं लागेल? काड्या आडव्या ठेवायच्या की उभ्या? पणजीचं प्रक्षेपण कोणत्या ध्रुवणात, म्हणजे लहरी आडव्या की उभ्या, आहे हे पक्कं ठाऊक असणाऱ्यानेच सांगावं.

रेडिओला बाहेरच्या अँटेनाची पिन नाही. कोॲक्सची (अँटेनापासून येणाऱ्या गोल केबलची) मधली तार टेलिस्कोपिक एरियलला चिमट्याने लावली तर चालेल का? जवळचं केंद्र जोरात असल्याने ते सगळ्या पट्ट्यावर पसरेल अशी भीती वाटते.

घर कौलारू, गच्ची नाही, भोवती माड. मागच्या भिंतीला जीआय पाइप बांधून अँटेना कौलांच्या वर काढायची म्हणतोय. खाऱ्या हवेत ॲल्युमिनियमचे जोड पांढरे पडून सुटतात, त्यावर तुम्ही काय लावता? आणि वळवाच्या पावसात विजा फार पडतात, तेव्हा पाइपाचं अर्थिंग कसं करावं तेही सविस्तर लिहा.

पाऊस लागला की कौलांवर चढता येणार नाही, त्यामुळे मे संपायच्या आत हे उरकायचंय. कुडाळ-सावंतवाडीकडे अशी अँटेना बनवून देणारं कोणी असेल तर तेही कळवा.