जुन्या लाकडी डब्याचा दरवाजा खालून कुजलाय, किती कापायचा?

सुतारपक्षी_यूके
नमस्कार मंडळी, मी इंग्लंडच्या दक्षिणेला राहतो आणि इथल्या एका हेरिटेज रेल्वेच्या (जुन्या गाड्या जपून चालवणाऱ्या संस्थेच्या) डबे दुरुस्तीच्या वर्कशॉपात वीकेंडला व्हॉलंटियर म्हणून जायला लागलोय. सध्या माझ्याकडे एकोणिसाव्या शतकातल्या चारचाकी डब्याचा एक दरवाजा आलाय. सागाची चौकट, सागाचंच पॅनल, मधे खालीवर सरकणारी काच, ती चामड्याच्या पट्ट्याने ओढायची आणि पट्ट्याचं भोक पितळी खुंटीत अडकवायचं. वरचा भाग ठणठणीत आहे, रंधा मारला की आतून सोनेरी लाकूड निघतं आणि तो सागाच्या तेलाचा वास येतो. पण खालची आडवी पट्टी पार भुसभुशीत, पटाशी नुसती टेकवली तरी आत जाते. साग कुजत नाही असं लहानपणापासून ऐकत आलोय, मग हा खालूनच का कुजला? आणि अख्खी पट्टी नवी टाकू की खराब तेवढीच काढून जोड देऊ? इथले सिनियर दोन्ही बाजूंनी बोलतात. मनात अजून एक येतं, असं जोडत जोडत गेलं तर डबा जुना उरतो का?

यॉर्कशायरी
कारण तुमच्या त्या काचेतच आहे. काचेवरून ओघळलेलं पाणी फटीतून दरवाज्याच्या पोकळीत उतरतं, ते बाहेर जावं म्हणून तळाला भोकं ठेवलेली असतात, पण दर रंगकामाला त्यांच्यात रंग आणि धूळ भरत जाते आणि एक दिवस ती बुजतात. मग खालची पट्टी सदानकदा ओली. साग बराच काळ टिकतो हे खरंय पण कायम ओलसर राहिला आणि वाळूच दिला नाही तर तोही जातो. त्यामुळे लाकूड बदलायच्या आधी ती भोकं शोधा आणि मोकळी करा, नाहीतर नवी पट्टीही तशीच कुजणार.

मी इकडे एलएनईआर या जुन्या ब्रिटिश रेल्वे कंपनीच्या, तिचे मुख्य इंजिनियर ग्रेसली यांच्या काळातल्या सागवानी डब्यांवर काम करतो, हे डबे बाहेरून रंगवलेले नाहीत, नुसतं व्हार्निश, त्यामुळे जोड दिला की तो दिसतोच. जोड लांब तिरका कापून द्या, आडवा सरळ नको, आणि नव्या तुकड्याचे रेषे जुन्याच्या दिशेने जुळवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सागात तेल असतं म्हणून गोंद नीट धरत नाही, ताजा रंधा मारा, ॲसिटोनने पुसा आणि लगेच चिकटवा, उद्यावर ठेवायचं नाही. फिलर भरून वरून रंग फासायचा मोह होतो कारण शनिवारी काम संपवायची घाई असते, पण फिलरच्या मागे पाणी साचतं आणि चांगलं लाकूडही जातं. आणि जुना रंग खरवडताना मास्क हवाच, त्यात शिसं असतं, कोरडं घासू नका, ओलं करून घासा.

कुर्डूवाडीकर
वाचून फार बरं वाटलं. माझे वडील कुर्डूवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात सुतार होते. बार्शी लाइट रेल्वे कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियर साहेबाने 1897 ला सुरू केली, अडीच फुटी गेज म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, त्या लाइनीचं हे वर्कशॉप, नंतर माथेरानचे दोन फुटी डबेपण मोठ्या दुरुस्तीला इथेच यायचे. वडील डब्याला हात लावायच्या आधी हातोडीच्या लाकडी दांड्याने सगळीकडे ठोकत जायचे, टणक आवाज आला की पुढे, बद्द आवाज आला की तिथे खडूची फुली. मग टोच्या घालून बघायचे की कूज कुठपर्यंत गेलीय, आणि कापायचं ते त्याच्या पुढे जाऊन चांगल्या लाकडात कापायचे. तर सुतारभाऊ, आधी फुल्या मारा, मग किती कापायचं ते लाकूडच सांगेल. आणि कुसू, म्हणजे पट्टीचं खांबाच्या खाचेत बसणारं टोक, नीट तपासा बरं, पट्टी कुजली की कुसवाचा सांधा आतून गेलेला असतो, वरून कळत नाही.

हॅवनस्ट्रीटवारी
शेवटच्या प्रश्नावर बोलतो, जोडत गेलं तर डबा जुना उरतो का, कारण इंग्लंडच्या दक्षिणेच्या आयल ऑफ वाइट बेटावर याचं उत्तर डोळ्यांनी दिसतं. त्या बेटावर मेनलँडवरचे जुने डबे दुसऱ्या हाताने यायचे, आणि जुने झाले की वरचा लाकडी सांगाडा विकून टाकायचे, लोकांनी त्याची सुट्टीतली घरं केली, शेड केल्या, त्यामुळे ते पावसापासून वाचले. वाफेची शेवटची गाडी 31 डिसेंबर 1966 ला धावली आणि 1971 पासून बेटावरच्याच हॅवनस्ट्रीटला तिथली हेरिटेज लाइन सुरू झाली. आता असे बंगल्यातून काढलेले सांगाडे दुरुस्त करतात, पण खालची चाकं आणि चौकट कधीच भंगारात गेलेली, म्हणून सदर्न रेल्वे या जुन्या ब्रिटिश कंपनीच्या पार्सल व्हॅनची चौकट कापून छोटी करतात आणि त्यावर बसवतात. म्हणजे डबा व्हिक्टोरियन, पाय पार्सल व्हॅनचे. मला यात काही फसवणूक वाटत नाही, कारण ते लपवत नाहीत, आणि डबा घराच्या अंगणात कुजून गेला असता त्याऐवजी आज त्यात माणसं बसतात. तुम्हीही नवा तुकडा घातला की आतल्या बाजूला, जिथे दिसणार नाही तिथे, साल कोरून ठेवा आणि काढलेल्या तुकड्याचा फोटो फाइलला लावा. पुढच्या माणसाला कळलं पाहिजे काय कुणाचं आहे.

एकच गोष्ट मी जुनी म्हणून वाचवणार नाही, दरवाज्याचे उभे खांब ज्यात बिजागऱ्या आणि कुलूप बसतं. हा डबा म्युझियममध्ये उभा राहणार नाही, चालत्या गाडीत पोरं या दरवाज्याला टेकणार. खांबात कूज असेल तर जोड नाही, सरळ नवा खांब.

सुतारपक्षी_यूके
सगळ्यांचे मनापासून आभार. भोकं बघितली, दोन्ही रंगाने बंद होती, आत काळा चिखल. ठोकून फुल्या मारल्या, उभे खांब दोन्ही टणक लागले, खालची पट्टी मात्र एका बाजूला कुसवापर्यंत गेलीय, म्हणून पट्टी पूर्ण नवी करतोय आणि पॅनलला तिरका जोड देतोय. छपराचंही विचारायचं होतं, फळ्यांवर कॅनव्हास आहे, कडेला भेगा पडल्यात.

यॉर्कशायरी
मग दरवाजा थोडा थांबू द्या, छप्पर आधी. पूर्वी कॅनव्हास सफेदा (शिशाची पांढरी भुकटी) आणि जवसाच्या तेलाच्या थरात बसवायचे, आता शिसं चालत नाही म्हणून दुसरे रंग वापरतात. पाणी बहुतेक व्हेंटिलेटर आणि दिव्याच्या भोवती, नाहीतर कडेच्या पट्टीखाली जिथे कॅनव्हास खिळ्यांनी मारलाय तिथून शिरतं, आणि तिथून थेट खांबांच्या डोक्यात. भेग आहे तिथली आतली सिलिंग फळी काढून बघा आणि फोटो टाका. तोवर डबा शेडमध्ये ढकलायला सांगा, जागा नसेल तर निदान वरून आच्छादन टाका, पण कडेने हवा खेळती ठेवा.